सावली वाचायला शिकवणाऱ्या बाई

१९१४ सालच्या सप्टेंबर महिन्यात फ्रान्समधल्या बोर्दो शहरातील एका बँकेत मोठी विलक्षण ठेव आली. शिशाचे अस्तर असलेली एक जड पेटी आणि तिच्यात जेमतेम एक ग्रॅम रेडियम. जर्मन फौजा पॅरिसच्या रोखाने येत होत्या आणि फ्रान्सजवळचे हे मोलाचे द्रव्य शत्रूच्या हाती पडू द्यायचे नव्हते. आगगाडीने सुमारे ६०० किलोमीटरचा प्रवास करून ही पेटी घेऊन आलेल्या बाई होत्या मादाम मेरी क्यूरी. ठेव तिजोरीत गेली आणि बाई तातडीने पॅरिसला परतल्या.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. आमच्या सोनईच्या शेजारचे शनिशिंगणापूर दारे नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध, आणि मी मात्र जन्मभर तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या. त्यामुळे मादाम क्यूरींच्या चरित्रातले हे पान मला विशेष जवळचे वाटते. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला रेडियम ठाऊक असते, दोन नोबेल पारितोषिके ठाऊक असतात. रेडियम तिजोरीत ठेवून परतलेल्या या बाईंनी पुढची चार वर्षे काय केले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मेरीचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, वॉर्सा शहरातला. पोलंडवर तेव्हा रशियाची सत्ता होती. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. मेरी दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. तेव्हा दोघी बहिणींनी आपसात ठरवले, की आधी थोरल्या ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचे आणि धाकटीने परक्या घरी मुलांना शिकवून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्याचे बस्तान बसल्यावर १८९१ मध्ये मेरी पॅरिसला आली. १८९३ मध्ये तिने पदार्थविज्ञानाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि १८९५ च्या जुलैत पिएर क्यूरींशी तिचे लग्न झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पुढे १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम, १९०३ चे नोबेल, १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा मृत्यू, आणि १९११ चे दुसरे नोबेल. पदरी इरेन आणि एव्ह या दोन मुली.

युद्ध पेटले तेव्हा फ्रान्सकडे क्ष-किरणांची यंत्रे थोडी होती आणि तीही बहुतेक मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत. आघाडीवरच्या शल्यविशारदाला गोळी नेमकी कोठे आहे, हे चाचपून शोधावे लागे. बाईंनी साधा व्यवहारी विचार केला. जखमीला यंत्रापर्यंत आणता येत नसेल, तर यंत्र जखमीपर्यंत नेले पाहिजे. त्यांनी श्रीमंतांच्या दारी जाऊन मोटारी मागितल्या. मोटारीत क्ष-किरणांची नळी, घडीचे टेबल, फोटो धुण्याचे सामान बसवले आणि विजेसाठी मोटारीच्याच इंजिनावर चालणारा डायनामो जोडला. सैनिक या गाड्यांना लाडाने लहान क्यूरी म्हणू लागले.

पण गाडी सज्ज झाली तरी फोटो वाचणार कोण? बाई क्ष-किरणांवर व्याख्याने देत, परंतु प्रत्यक्ष काम त्यांनी कधी केलेले नव्हते. दोन नोबेल मिळवलेली ही पंतोजीण सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाली. त्यांनी शरीररचनाशास्त्राची पुस्तके उघडली, यंत्र हाताळायला घेतले, पुढे मोटार चालवायलाही शिकल्या.

ही विद्या वाटते तितकी सोपी नाही. आमच्याकडे एक्सरेला अजून पुष्कळजण फोटोच म्हणतात. मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कोणी उसाच्या गाडीवरून पडतो, कोणाला बैल लाथ मारतो. मग फोटोचे मोठे पाकीट घरी येते आणि सगळे घर ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहते. हल्ली तोच फोटो मोबाइलवर येतो, इतकाच फरक. पांढरे आणि काळे सर्वांनाच दिसते. हाड कोठे चिरले आहे हे मात्र डॉक्टरांनी बोट ठेवल्याशिवाय दिसत नाही, आणि एकदा दाखवले की मग तेच तेवढे दिसत राहते.

फोटो म्हणजे खरे तर सावली. हाडांतले कॅल्शियम किरण अडवते म्हणून हाड पांढरे उमटते. धातू त्याहून पांढरा. हवेने भरलेली फुप्फुसे काळी, आणि मांस-रक्त मधल्या करड्या छटांत. फुप्फुसाच्या काळ्या रंगात वरच्या बाजूला ढगाळ डाग दिसला की क्षयाची शंका घ्यायची. छातीत पाणी साठले, तर तळाचा टोकदार कोपरा बुजलेला दिसतो. नवख्याला फसवणाऱ्या जागाही पुष्कळ. लहान मुलाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ती फोटोत काळ्या फटीसारखी दिसते. शिकाऊ माणसाला वाटते, हाड मोडले. जाणता माणूस गरज पडली तर दुसऱ्या, धडधाकट हाताचा फोटो मागवून ताडून बघतो. बँकेतही नव्या रोखपालाला आम्ही आधी खोट्या नोटा दाखवत बसत नसू. त्याला खऱ्या नोटा मोजायला बसवत असू. हजारो खऱ्या नोटा बोटांखालून गेल्या की खोटी आपोआप बोटाला खुपते. निरोगी शरीराचे फोटो ज्याच्या डोळ्यांखालून गेलेले नाहीत, त्याला आजारी फोटो कळणे कठीण.

युद्धातला पेच आणखी वेगळा होता. धातूचा तुकडा फोटोत ठळक दिसे, पण तो कातडीलगत आहे की हाडामागे रुतला आहे, हे एका सपाट सावलीवरून कळत नाही. त्यासाठी किरणांची नळी ठरावीक अंतर सरकवून पुन्हा पाहायचे, सावली किती हलली ते मोजायचे आणि भूमितीने खोली काढायची. थोरली इरेन सतरा वर्षांची असतानाच आईबरोबर या कामाला लागली आणि लवकरच आघाडीजवळची ठाणी एकटी सांभाळू लागली. तेथल्या एका लष्करी डॉक्टरला ही भूमिती मुळी पटतच नसे, पण या मुलीने आपले काम नेटाने चालू ठेवले.

१९१६ पासून बाईंनी पॅरिसमध्ये स्त्रियांसाठी वर्ग चालवले. विषय विजेचे ज्ञान, क्ष-किरण आणि शरीररचना. विद्यार्थिनींत सुखवस्तू घरच्या होत्या तशा मोलमजुरी करणाऱ्याही होत्या. सुमारे १५० जणी तयार झाल्या. वीस गाड्या आणि सुमारे २०० कायम ठाणी उभी राहिली आणि युद्ध संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली.

याच काळात बाईंनी नोबेलची रक्कम सरकारी युद्धरोख्यांत घातली. ती जवळजवळ बुडाली. नोबेलची सोन्याची पदकेही त्यांनी देशासाठी वितळवायला नेऊन दिली, पण बँकेच्या अधिकाऱ्याने ती वितळवण्यास साफ नकार दिला. त्या अनामिक अधिकाऱ्याचा मला, एक जातभाई म्हणून, अभिमान वाटतो.

या कामाची किंमत पुढे चुकवावी लागली. किरणांपासून बचावाची साधने तेव्हा अपुरी होती. १९३४ मध्ये बाईंचा ताप हटेना. फुप्फुसांच्या फोटोवरून नामवंत डॉक्टरांचे मत पडले की जुना क्षय उसळला असावा. आईला नेणाराच आजार! त्यांना आल्प्स पर्वतातल्या आरोग्यधामात हलवले. तेथे पुन्हा फोटो काढले, तेव्हा कळले की फुप्फुसांत तसे काही नाही, प्रवासाचे हाल फुकट गेले. दोष रक्तात होता. अस्थिमज्जा रक्त तयार करीनाशी झाली होती, आणि तो बिघाड फोटोत उमटत नाही. ४ जुलै १९३४ रोजी त्या गेल्या. जगाला सावल्या वाचायला शिकवणाऱ्या बाईंची सावली त्या काळातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही धड वाचता आली नाही.

१९९५ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेण्यासाठी त्यांची शवपेटी काढली, तेव्हा तिथला किरणोत्सर्ग मोजण्यात आला. तो अपेक्षेपेक्षा कमी भरला. रेडियमपेक्षा युद्धकाळातले क्ष-किरणच त्यांना भोवले असावेत, असे तज्ज्ञांनी अनुमान काढले. म्हणजे जखमी सैनिकांसाठी घालवलेली ती चार वर्षेच त्यांच्या जिवावर बेतली असण्याचा संभव आहे.

आपण फोटो काढायला जातो तेव्हा तंत्रज्ञ आपल्याला श्वास रोखून धरायला सांगतो आणि स्वतः आडोशाला जातो. घरच्या मंडळींनाही तो बाहेर घालवतो. आपल्याला तो तुसडा वाटतो. पुढच्या वेळी त्याच्यावर चिडू नये. तो आडोसा उभारण्याची अक्कल जगाला ज्यांच्या जिवाच्या मोलाने आली, त्यांत मादाम क्यूरीही होत्या.