अस्मितेचा शोध आणि डॉ. म. ना. वानखडे

निवडणूक आली की अस्मिता हा शब्द भिंतीभिंतीवर दिसतो. पण आंबेडकरी साहित्यात तो रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या डॉ. म. ना. वानखडे यांचा आमच्या नव्या पिढीला विसर पडला आहे.

इंग्रजीचे प्राध्यापक असलेले वानखडे साठच्या दशकात अमेरिकेला गेले. फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी कवी वॉल्ट व्हिटमनवर पीएच.डी. केली. त्याच विद्यापीठाने पदवीवर्गाचे दार काळ्या विद्यार्थ्यांसाठी १९६२ मध्ये उघडले होते. वानखडेंनी काळ्या लेखकांचे साहित्य जवळून वाचले. राल्फ एलिसनच्या १९५२ च्या कादंबरीतील नायकाला नावच नाही. तो सर्वांच्या डोळ्यांसमोर वावरतो, पण माणूस म्हणून कुणालाच दिसत नाही. गावकुसाबाहेर जन्मलेल्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागते काय?

काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते बाबासाहेबांनी आधीच ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. ते नाते वानखडेंनी साहित्यात आणले. मायदेशी परतल्यावर बाबासाहेबांनी उभारलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य असताना त्यांनी तरुणांना एकच गोष्ट शिकवली : काळ्या लेखकाने आपल्या जगण्याची लाज टाकली आणि लेखणी उचलली, तुम्हीही उचला, प्रस्थापित समीक्षकांच्या शाबासकीची वाट पाहू नका. त्यांनी नक्कल शिकवली नाही, हिंमत शिकवली. १९६७ मध्ये तिथूनच 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते 'अस्मितादर्श' म्हणून दीर्घकाळ चालवले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले. १९७८ मध्ये वानखडे गेले.

वकिलीच्या निमित्ताने सावनेरात आमच्यासमोर जातीच्या दाखल्यांचे कागद नेहमी येतात. तो दाखला आमचा हक्क आहे, त्यासाठी आम्ही लढूच. पण दाखल्यावर लिहिलेली असते ती व्यवस्थेने लादलेली जात. मी कोण, याचे उत्तर त्याच्या कोणत्याही रकान्यात सापडत नाही. १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर आम्हाला ते मिळाले. त्या उत्तराला कथा-कादंबरीत रक्तामांसाचा माणूस मिळावा, यासाठी वानखडे झिजले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : प्रत्येक विहारात बुद्धमूर्तीशेजारी पुस्तकांचे एक कपाट असू द्या. आणि शहरात गेल्यावर आडनाव लपवणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती त्यातले पहिले पुस्तक आपणच द्या. जय भीम!