विनोबांनी जमीन कशी मागितली? सुरक्षेसाठी ‘हो’ मिळवायचं असेल तर वाचा

ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे आणि तो बदला म्हटलं की सरपंच काका हसतात. फिशिंग, रॅन्समवेअर तुम्हाला पाठ. पण निर्णय त्यांच्या हातात! अशा वेळी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पवनारच्या विनोबा भावेंकडे बघा.

विनायक नरहर भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा, कोकणातल्या गागोदे गावचा. गणित भारी आवडायचं. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि सुरतला उतरून चक्क काशी गाठली. 1921 साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम सांभाळायला पाठवलं. 1938 पासून मुक्काम धाम नदीकाठी, पवनारला. 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही तेच.

खरी गोष्ट 1951 ची. वर्ध्याहून पायी ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला संमेलनासाठी गेले, तिथून तेलंगणात फिरले. तिकडे जमिनीवरून रक्तपात चालू होता. 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी 80 एकर मागितली. विनोबांनी गावालाच विचारलं, कुणी देईल का? रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली.

आकडा ठरलेला होता आणि ज्यांना जमीन हवी ते समोरच बसले होते. पुढचा हिशोबही सोपाच: देशात लागवडीखाली साधारण 30 कोटी एकर, त्याचा सहावा हिस्सा 5 कोटी. पण जमीनदारापुढे ते कोटी मांडत बसले नाहीत. पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझी वाटणी द्या, असं सांगत. घरातली वाटणी कुणालाही कळते.

आपण मात्र एन्क्रिप्शनपासून सुरुवात करतो. त्यापेक्षा काकांना सांगा, हा पासवर्ड कुणी बदलला तर उद्या दाखला निघणार नाही आणि लोक तुमच्याच दारात येतील. मला फक्त दहा मिनिटं द्या.

भूदानाची दुसरी बाजूही आहे. 40 लाखांहून जास्त एकर कागदावर मिळाली, पण बरीच नापीक किंवा वादातली निघाली, मोठा भाग वाटलाच गेला नाही. मीटिंगमधला होकार पुष्कळदा असाच असतो. म्हणून काका हो म्हणाले की तिथेच बसून पासवर्ड बदला आणि भिंतीवरची चिठ्ठी काढूनच उठा.

विनोबा जवळपास 13 वर्षं गावोगाव चालत राहिले. 15 नोव्हेंबर 1982 ला ते पवनारलाच गेले. भारतरत्न मिळालं ते त्यानंतर, 1983 मध्ये.