एडसेल फोर्ड यांच्या गाडीला कोणते रूप मिळाले?

हेन्री फोर्ड यांचे एकुलते एक पुत्र एडसेल १९१९ मध्ये, अवघ्या पंचविशीत कंपनीचे अध्यक्ष झाले. शेवटचा शब्द मात्र वडिलांचाच राहिला. मनाजोगती गाडी त्यांनी १९३४ मध्ये स्वतःसाठी डिझायनर बॉब ग्रेगरी यांच्याकडून घडवून घेतली: बिनछताची, दोन आसनांची, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीची, व्ही-८ इंजिनाची. कडाक्याच्या थंडीत इंजिनाला तडा गेला, तेव्हा मर्क्युरीचे बसवले. गरम होण्याच्या तक्रारीमुळे पुढची जाळीही बदलली. १९४३ मध्ये, ४९व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि गाडी विकली गेली. अनेक मालकांनंतर ती मिशिगनमधील त्यांच्याच घरी, आताच्या ‘फोर्ड हाउस’ संग्रहालयात परतली. दुरुस्तीत १९३४चे नव्हे, तर एडसेल यांनी बदलून घेतलेले रूप जपले गेले. तेच रास्त, गाडी कारखान्याची नव्हे, त्यांची होती.