हौशी छायाचित्रकार स्टीग्लिट्झ

कॅमेऱ्याने काढलेले चित्र ही कला मानावी की केवळ यंत्राची करामत, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत मोठ्या हिरिरीने चर्चिला जात असे. चित्रकाराच्या हाती कुंचला असतो, शिल्पकाराच्या हाती छिन्नी असते; छायाचित्रकाराचे काम मात्र यंत्रच करते, मग त्याला कलावंत का म्हणावे, असा पुष्कळांचा आक्षेप होता. या आक्षेपाला आपल्या कृतीने उत्तर देण्यात ज्याने सारे आयुष्य वेचले, तो आल्फ्रेड स्टीग्लिट्झ आरंभी एक हौशी विद्यार्थी होता. आणि त्याच्या कीर्तीचा पाया एका स्पर्धेत घातला गेला.

स्टीग्लिट्झचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, होबोकन या गावी झाला. सहा भावंडांत तो थोरला. त्याचे वडील जर्मनीहून अमेरिकेत आले होते व लोकरीच्या व्यापारात त्यांनी चांगली संपत्ती मिळविली होती. १८८१ मध्ये व्यापार आवरून ते सहकुटुंब युरोपात गेले आणि आल्फ्रेड बर्लिनच्या तंत्रविद्यालयात यंत्रशास्त्र शिकू लागला. तेथे हर्मान फोगेल नावाचे रसायनशास्त्राचे विद्वान प्राध्यापक होते. त्या काळी काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे घेत. या काचांवर निळे आकाश पांढरेफटक उमटे, तर हिरवी शेते व पिवळी फुले काळवंडून जात. काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले, तर हा दोष पुष्कळसा दूर होतो, हे फोगेल यांनी १८७३ मध्ये शोधून काढले होते. अशा गुरूच्या हाताखाली शिकण्याची संधी स्टीग्लिट्झला लाभली. १८८३ मध्ये त्याने कॅमेरा विकत घेतला आणि यंत्रशास्त्राची पुस्तके हळूहळू मागे पडली.

कॅमेरा घेऊन तो जर्मनी, हॉलंड, इटली या देशांत हिंडला. राजवाडे व पुतळे यांपेक्षा साधी माणसेच त्याच्या मनात अधिक भरत. १८८७ मध्ये इटलीतील कोमो सरोवराच्या काठी असलेल्या बेलाज्जो या गावी त्याला मुलांचा एक घोळका दिसला. कसल्याशा विनोदावर ती मुले खळखळून हसत होती. स्टीग्लिट्झने तो क्षण टिपला. त्याच वर्षी लंडनच्या ‘अमॅच्युअर फोटोग्राफर’ या साप्ताहिकाने हौशी छायाचित्रकारांसाठी स्पर्धा ठेवली होती. स्टीग्लिट्झने आपली काही चित्रे तिकडे पाठविली. परीक्षक होते पीटर हेन्री इमर्सन. ते शिक्षणाने डॉक्टर. पण पूर्व इंग्लंडमधील शेतकरी व कोळी यांची छायाचित्रे काढून त्यांनी मोठे नाव मिळविले होते. माणसांना ठोकळ्यासारखे उभे करून, खोटे देखावे मांडून काढलेली चित्रे त्यांना मुळीच आवडत नसत. हसणाऱ्या मुलांच्या त्या चित्रातील सहजता त्यांच्या नजरेत भरली आणि पहिले बक्षीस स्टीग्लिट्झला मिळाले. एक रौप्यपदक व दोन गिनी एवढेच ते बक्षीस; परंतु ज्याला आपण ओळखत नाही आणि जो आपल्याला ओळखत नाही, अशा जाणत्या माणसाने केवळ काम पाहून दिलेला तो कौल होता. तेवीस वर्षांच्या तरुणाला त्याचे मोल फार मोठे वाटले. दुसऱ्या वर्षी त्याच स्पर्धेतील पहिले व दुसरे अशी दोन्ही बक्षिसे त्याने पटकाविली.

१८९० मध्ये तो न्यूयॉर्कला परतला. मुलाने पोटापाण्याचा उद्योग करावा म्हणून वडिलांनी त्याला चित्रछपाईचा एक कारखाना मिळवून दिला. काम उत्तम व्हावे आणि कामगारांना वेतन चांगले मिळावे यावर त्याचा सारा कटाक्ष असे. त्यामुळे नफा असा क्वचितच उरे. अखेर १८९५ मध्ये त्याने तो धंदा सोडला. हौशी छायाचित्रकारांच्या एका मासिकाचे संपादनही त्याने काही वर्षे केले. परंतु आपल्या मतावर कोणाचे दडपण नसावे, म्हणून त्याबद्दल वेतन घेतले नाही. लोकांची छायाचित्रे काढून देण्याचा व्यवसाय तर त्याने कधीच केला नाही. हौशी म्हणजे कच्चा, ही समजूत त्याला मान्य नव्हती. जो कामावरील प्रेमापोटी काम करतो तो हौशी, आणि म्हणून त्याचे काम अधिक कसोशीचे असले पाहिजे, अशी त्याची धारणा होती.

१८८८ मध्ये कोडॅक हा शंभर चित्रे घेणारा सुटसुटीत कॅमेरा बाजारात आला होता. नुसती कळ दाबावी, उरलेले काम कारखान्याने करावे, अशी सोय झाल्यामुळे असे छोटे कॅमेरे गंभीर छायाचित्रकारांना खेळणी वाटू लागले. हातात धरावयाच्या कॅमेऱ्यानेही उत्कृष्ट चित्र काढता येते, हे स्टीग्लिट्झला सिद्ध करावयाचे होते. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये भयंकर हिमवादळ झाले. लोक घरांत दारे लावून बसले असता हा फिफ्थ ॲव्हेन्यूवर बर्फात उभा राहिला. मनाजोगते दृश्य मिळेपर्यंत तीन तास गेले. अखेर वादळातून वाट काढीत येणारी घोडागाडी समोर दिसली आणि त्याने कळ दाबली. निगेटिव्ह पाहून मंडळातील मित्रांनी ती अस्पष्ट आहे, फेकून द्यावी, असा सल्ला दिला, असे तो पुढे सांगत असे. त्याने ती फेकली नाही. नको असलेला भाग वगळून त्याने तिची प्रत काढली. ‘हिवाळा, फिफ्थ ॲव्हेन्यू’ या नावाने ते चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले.

देशोदेशींच्या प्रदर्शनांतून व स्पर्धांतून स्टीग्लिट्झने सुमारे दीडशे पदके मिळविली. परंतु पदके वाढत गेली तशी त्याची दृष्टीही बदलत गेली. चांगले चित्र निवडले जाणे हाच त्याचा खरा गौरव, असे त्याला वाटू लागले. १९०२ मध्ये त्याने समविचारी छायाचित्रकारांचे एक मंडळ स्थापन केले. १९०३ ते १९१७ या काळात ‘कॅमेरा वर्क’ हे अत्यंत देखणे नियतकालिक चालविले. १९०५ मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या घरात त्याने छोटेखानी चित्रदालन उघडले. हे सारे विनासायास झाले नाही. जुन्या सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला गेले आणि ज्या क्लबासाठी त्याने वर्षानुवर्षे झटून काम केले होते, त्याच क्लबाने १९०८ मध्ये त्याला काढून टाकले. पुढे त्याला परत घेण्यात आले. पण तो तेथे फार काळ राहिला नाही.

१९०७ मध्ये आगबोटीने युरोपला जात असता वरच्या वर्गातील श्रीमंती थाटाला तो कंटाळला. डेकवरून खाली डोकावताच सर्वांत स्वस्त भाड्याच्या उतारूंची दाटी त्याच्या दृष्टीस पडली. शिडी, पांढरा पूल आणि शाली पांघरलेल्या बायका पाहून तो धावतच कॅमेरा आणावयास गेला. त्याच्यापाशी एकच कोरी काच शिल्लक होती. त्या एका काचेवर घेतलेले चित्र त्याच्या उत्कृष्ट कृतींत गणले जाते.

१९२४ मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने स्टीग्लिट्झची २७ छायाचित्रे आपल्या संग्रहात घेतली. यासाठी पुढाकार घेतला होता तो भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी. ते त्या वेळी तेथील भारतीय कलाविभागाचे प्रमुख होते. यंत्राची करामत म्हणून हिणविलेली कृती आता चित्रे व शिल्पे यांच्या मांडीला मांडी लावून बसली. १३ जुलै १९४६ रोजी स्टीग्लिट्झ निधन पावला.

पदके मिळविणारे हौशी छायाचित्रकार त्याच्या काळी आणखीही पुष्कळ होते. त्यांतील अनेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. बक्षिसाने स्टीग्लिट्झला पहिले बळ दिले, हे खरे. परंतु बर्फात तीन तास उभे राहण्याचे बळ कोणत्याही पदकातून आलेले नव्हते. ते त्याच्या कामावरील प्रेमातून आले होते.