लघवीच्या रिपोर्टवर ज्याचं नाव असतं, तो एशेरिश कोण होता?

अंधेरी असो की मुलुंड, लघवीला जळजळ होतेय म्हणून गेलात की डॉक्टर युरिन कल्चर करायला सांगतात. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यावर बहुतेक वेळा एकच नाव असतं, एशेरिशिया कोलाय. म्हणजेच ई. कोलाय.

हे नाव आलंय एका लहान मुलांच्या डॉक्टरवरून.

थिओडोर एशेरिश यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८५७ चा, जर्मनीतल्या आन्सबाखचा. १८८४ साली रॉबर्ट कॉख कलकत्त्यात कॉलराचा जंतू शोधत होते. त्याच वर्षी नेपल्समध्ये कॉलराची साथ आली आणि एशेरिश तिथं जाऊन पोहोचले.

त्या काळात तान्ही बाळं जुलाबानं पटापट दगावायची. कारण शोधायला एशेरिश म्युनिकमध्ये बाळांची शी मायक्रोस्कोपखाली बघत बसले. जन्मानंतर काही तासांतच आतड्यात जंतू येतात, हे त्यांनी दाखवलं. त्यातल्याच एका काडीसारख्या जंतूचं वर्णन त्यांनी १८८५ साली केलं.

मग हा जंतू लघवीत कसा येतो?

१८९० मध्ये एशेरिश ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथं प्राध्यापक झाले. १८९४ साली त्यांनी मुलींच्या मूत्राशयातल्या इन्फेक्शनवर लिहिलं. कारण होता तोच आतड्यातला जंतू.

आतड्यात तो सहसा गुण्यागोविंदानं राहतो. पण शीच्या जागेवरून मूत्रमार्गात शिरला की त्रास सुरू. बायकांचा मूत्रमार्ग छोटा, जेमतेम ४ सेंटिमीटर, त्यामुळे मूत्राशय जवळ पडतं. जंतूच्या अंगावरचे बारीक धागे तिथल्या अस्तराला चिकटतात. लघवी वाहिली की बरेच जंतू धुऊन जातात. ती तुंबली की वाढतात. डायबिटीस, मुतखडा, वाढलेलं प्रोस्टेट, कॅथेटर यांनी धोका आणखी वाढतो. तिथून जंतू वर सरकले की किडनीत इन्फेक्शन होतं. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, ही त्याची लक्षणं. तेव्हा घरगुती उपाय करत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

एशेरिश यांच्या हातात मात्र अँटिबायोटिक्स नव्हती. जंतू दिसत होता, मारता येत नव्हता.

१९०२ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. तिथं बाळांना आईचं दूध मिळावं म्हणून मोहीम चालवली. त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र दहाव्या वर्षी अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला. १५ फेब्रुवारी १९११ रोजी ५३ व्या वर्षी एशेरिशही गेले. जंतूला त्यांचं नाव १९१९ मध्ये सुचवलं गेलं.

आज औषधं आहेत. पण बोरिवलीहून लोकल पकडणाऱ्या कित्येक जणी, वाटेत स्वच्छ टॉयलेट मिळणार नाही म्हणून घरातून पाणीच न पिता निघतात. 'राइट टू पी' ही मोहीम मुंबईत २०११ पासून याच्यासाठीच भांडतेय.