समुद्र नसलेल्या मुलखातला पोरगा, जुन्या फळ्यांची दुरुस्ती आणि लाटेवरचा खेळ : टॉम ब्लेकची गोष्ट

हिंगोली : पांगरा आपल्या जिल्ह्यात कुणाला दाखवावा लागत नाही. पानं झडलेल्या झाडावर लालभडक फुलं आली की बांधावरचा पांगरा लांबूनच ओळखू येतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाच्या तर नावातच तो आहे. पण सुतार या लाकडाला सहसा हात लावत नाही. हलकं, मऊ लाकूड. ना औताला कामाचं, ना दाराच्या चौकटीला.

या पांगऱ्याचा एक चुलत भाऊ हजारो किलोमीटर लांब, प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर वाढतो. तिथं त्याला विलीविली म्हणतात. आपल्याकडं जो दोष, तोच तिथल्या लोकांनी गुण मानला. लाकूड हलकं आहे, म्हणजे पाण्यावर तरंगेल! त्यांनी त्याच्या लांबलचक फळ्या घडवल्या. अशा मोठ्या फळ्या तिथल्या सरदार-राजघराण्यांचा मान होत्या. फळी घेऊन समुद्रात जायचं, लाट आली की तिच्यावर स्वार व्हायचं आणि घसरत किनाऱ्याला यायचं. आज मोबाईलवर आपण सर्फिंगचे व्हिडिओ बघतो, तो हाच खेळ. टोकियो ऑलिम्पिकमध्येही तो खेळला गेला.

ही फळी, म्हणजे सर्फबोर्ड, साध्या माणसाला घरी बनवता यावी म्हणून ज्याने सगळ्यात जास्त डोकं चालवलं, तो मात्र समुद्राकाठचा नव्हता. त्याचं नाव टॉम ब्लेक.

आईविना वाढलेलं पोर

टॉमचा जन्म 8 मार्च 1902 रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात झाला. विस्कॉन्सिन हे ते राज्य. तिथं तळी आहेत, समुद्र नाही. आपल्याकडं कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा आहेत, सिद्धेश्वर आणि इसापूरचं धरण आहे, पण समुद्र बघायचा तर शेकडो किलोमीटर जावं लागतं. तसंच ते.

टॉम वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा त्याची आई क्षयाने गेली. बापाने पोराला नातेवाइकांकडं ठेवलं. या घरून त्या घरी, असंच त्याचं बालपण गेलं. 1918 साली जगभर तापाची साथ आली. आपल्याकडं जुनी माणसं तिला मानमोडी म्हणायची. त्या साथीत टॉमची शाळा बंद पडली आणि त्याचं शिक्षण तिथंच सुटलं. मग मिळेल ते काम करत तो गावोगाव फिरू लागला.

1920 साली डेट्रॉइट शहरातल्या एका सिनेमा थिएटरात त्याला ड्यूक कहानामोकू भेटला. ड्यूक हा हवाईचा नावाजलेला पोहणारा. ऑलिम्पिकची सुवर्णपदकं जिंकून तो परत निघाला होता. अठरा वर्षांच्या टॉमने पुढं होऊन त्याच्याशी हात मिळवला. भेट तेवढीच, पण पोराच्या डोक्यातून ती गेली नाही. पुढच्याच वर्षी तो समुद्राकाठच्या लॉस एंजेलिसला गेला आणि पोहायला लागला. 1922 साली त्याने 10 मैलांची, म्हणजे साधारण 16 किलोमीटरची शर्यत जिंकली. पोटापाण्यासाठी त्याने किनाऱ्यावर जीवरक्षकाची नोकरी धरली. बुडणाऱ्याला बाहेर काढायचं, हे त्याचं काम.

फळीने वाचवलेले आठ जीव

सर्फबोर्ड ही नुसती खेळायची वस्तू नाही, हे 1925 साली सगळ्यांना दिसलं. जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मोठ्या लाटांत एक बोट उलटली. ड्यूक तिथं जवळच होता. तो फळी घेऊन पाण्यात शिरला. फेऱ्या मारत, एकेकाला फळीवर घेत त्याने आठ जणांना काठाला आणलं. बोटीतले बरेच जण मात्र वाचले नाहीत.

नुसतं पोहत जाणारा माणूस एकाला धरून आणेपर्यंत थकतो. फळी असली की बुडणाऱ्याला धरायला काहीतरी मिळतं आणि वाचवणाराही त्याच्या मिठीत अडकत नाही. अडचण होती ती वजनाची. त्या काळच्या फळ्या अखंड लाकडाच्या. मोठी फळी 100 पौंडांहूनही जड भरायची, म्हणजे आपल्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीपेक्षाही जास्त. ती उचलून धावत पाण्यापर्यंत न्यायची म्हणजे भल्याभल्यांची दमछाक.

दुरुस्तीतून सापडलेली वाट

टॉम 1924 साली पहिल्यांदा हवाईला गेला. तिथल्या होनोलुलू शहरात बिशप म्युझियम आहे. तिथं जुन्या काळच्या, सरदार पाकी याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांब फळ्या पडून होत्या. 1926 च्या सुमारास टॉमने त्या साफ करून दुरुस्त करायचं काम हाती घेतलं.

दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू आतून कळते. जळालेली मोटार रिवाइंड करणाऱ्याला तिचा एकेक वेढा पाठ होतो, तसंच टॉमचं झालं. फळी किती लांब, कुठं जाड, कुठं निमुळती, हे त्याच्या हाताला कळलं. नव्या फळ्या आखूड होत्या, या जुन्या लांब. लांब फळी पाण्यावर वेगाने पळणार, हे त्याच्या लक्षात आलं.

त्याने तशीच फळी घरी बनवायला घेतली. पण तसं भलंमोठं लाकूड वजनाला झेपेना. मग त्याने एक युक्ती केली. फळीला वरून खालपर्यंत शेकडो भोकं पाडली. जेवढं लाकूड निघालं, तेवढं वजन उतरलं. मग वर-खाली पातळ लाकडाचा थर चिकटवून भोकं बंद केली. बाहेरून अखंड फळी, आतून हवा.

आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकताना पोराच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधतात. डबा का तरंगतो? आत हवा असते म्हणून. झाकण निघून पाणी शिरलं की तोच डबा तळाला जातो. टॉमने फळीला केलं ते एवढंच. कल्पना साधी, पण त्या खेळात तोवर ती कुणी अशी वापरली नव्हती.

1928 साली कॅलिफोर्नियात त्या किनारपट्टीची सर्फिंगची पहिली स्पर्धा भरली. ती टॉमने जिंकली. पोकळ फळीला पेटी म्हणून हसणारे तेव्हाही होते, नंतरही राहिले. टॉमने काम थांबवलं नाही.

घरी बनवायचा नकाशा

भोकं पाडायची रीत वेळखाऊ होती. म्हणून पुढं त्याने पद्धतच बदलली. आधी फळीच्या आकाराची लाकडी चौकट करायची. तिच्यात बरगड्यांसारख्या आडव्या पट्ट्या बसवायच्या. मग वर आणि खाली पातळ पत्र्यासारखं प्लायवूड सरस लावून, स्क्रू मारून पक्कं करायचं आणि वॉर्निशचे हात द्यायचे. नाव बांधावी तसंच हे काम. 1932 साली त्याला या फळीचं पेटंट मिळालं.

तरीही त्याने ही कला कुलूप लावून ठेवली नाही. जुलै 1937 मध्ये पॉप्युलर मेकॅनिक्स या मासिकात त्याने पोकळ फळी कशी करायची याची कृती छापून दिली. घरच्या घरी काहीबाही बनवणाऱ्या लोकांचं ते आवडतं मासिक. रंधा, करवत आणि गिरमिट चालवता येणाऱ्या माणसाला आता घराच्या पडवीत सर्फबोर्ड बनवता येणार होता. कारखान्याची गरज नाही, अखंड मोठ्या झाडाचीही नाही.

या फळीचं एक दुखणं होतं. सांध्यातून थोडं थोडं पाणी आत झिरपायचं. म्हणून तिला एक बूच ठेवलेलं असे. पाण्यातून बाहेर आलं की बूच काढायचं, फळी उभी करून पाणी निथळू द्यायचं, पुन्हा बूच लावायचं. सांधा उघडला तर आधी लाकूड पुरतं वाळवायचं, मगच तो बुजवून वॉर्निश लावायचं. आज सर्फबोर्ड फोमचे आणि फायबरचे असतात, पण घरी दुरुस्ती करणाऱ्याचा पहिला नियम तोच आहे. चीर पडली की बोर्ड आधी कोरडा करायचा, मग घासायचा, मग फायबरचं कापड आणि रेझिनचा थर द्यायचा. ओल आत कोंडली तर वरचं ठिगळ टिकत नाही.

फळीखालचा फण

टॉमचं आणखी एक काम आहे आणि ते आजच्या जवळपास प्रत्येक बोर्डाखाली दिसतं. तोवर फळीचा तळ सपाट असायचा. लाटेच्या उतारावर ती आडवी घसरायची आणि माणूस पाय पाण्यात घालून तिला कसाबसा सावरायचा. 1935 साली टॉमने एका टाकून दिलेल्या मोटरबोटीचा तळाचा छोटा कणा काढला आणि तो आपल्या फळीच्या मागच्या बाजूला खाली बसवला. साधारण फूटभर लांब आणि चार इंच खोल.

पाभरीचा फण मातीत रुतला की पाभर आडवी सरकत नाही, धरलेल्या रेघेत चालते. हा तुकडाही पाण्यात तेच करतो. त्याला फिन म्हणतात. पुढं पोकळ लाकडी फळ्या मागं पडल्या, फायबर आणि फोम आला, बोर्ड हलके आणि आखूड झाले, पण फिन राहिली. दुसऱ्याने टाकून दिलेल्या मोडक्या बोटीतून निघालेला तुकडा आज जगभरच्या किनाऱ्यांवर चालतो.

पाण्यात कॅमेरा नेता यावा म्हणून टॉमने त्याच्यासाठी पाणी न शिरणारी पेटीही स्वतः तयार केली आणि फळीवर बसून लाटांचे फोटो काढले. ते फोटो 1935 साली नॅशनल जिऑग्राफिक मासिकात आले. त्याच वर्षी हवाईच्या या खेळावर त्याचं पुस्तकही निघालं. 1932 साली तो दोन सोबत्यांबरोबर फळीवर पालथं पडून, हाताने पाणी मारत कॅटालिना बेटापर्यंत गेला होता. अंतर 26 मैल, म्हणजे 40 किलोमीटरच्या वर. हिंगोलीहून औंढा नागनाथला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत यावं एवढं, आणि तेही नुसत्या हातांनी.

शेवट तळ्याकाठी

टॉमने पैसा फारसा साठवला नाही. पोकळ फळ्या कंपन्यांनी बनवून विकल्या, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी त्या माणसं वाचवायला वापरल्या. टॉम मात्र शेवटपर्यंत साधा राहिला. मांसमच्छी त्याने सोडली होती. निसर्ग हाच देव, असं तो मानायचा आणि हे त्याने दगडावर कोरूनही ठेवलं. उतारवयात तो समुद्र सोडून आपल्या मूळच्या विस्कॉन्सिनला, तळ्याकाठच्या गावाकडं परत आला. 5 मे 1994 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी तो गेला.

आपल्याकडं काय?

आपल्या जिल्ह्यात लाटा नाहीत, त्यामुळं इथं कुणी सर्फबोर्ड बनवणार नाही. पण बुडून जाणारा जीव इथंही आहे. गावोगावी शेततळी झाली. त्यातला प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा आत पडला तर त्याला वर चढता येत नाही. घाबरून मागोमाग उडी मारणारा भाऊ किंवा बापही अडकतो. विहीर, धरणाचं पाणी आणि विसर्जनाचा घाट, सगळीकडं धोका सारखाच.

जीवरक्षकांचा नियम असा की आधी काहीतरी पुढं करा किंवा फेका, उडी सगळ्यात शेवटी. त्यासाठी पेटंट लागत नाही. 20 लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा घ्यावा, झाकण घट्ट लावावं, कडीला लांब नायलॉनची दोरी बांधावी आणि दोरीचं दुसरं टोक शेततळ्याच्या काठावरच्या खुंट्याला पक्कं करावं. काठावरून आत सोडलेली गाठी मारलेली एक जाड दोरीही असू द्यावी, म्हणजे आत पडलेल्याला धरून वर येता येतं. दोन-तीन महिन्यांनी दोरी कुजली का, डबा फुटला का, हे बघत जावं.

बाजाराच्या दिवशी येताना दोरी आणता येईल. डबा तर घरात असतोच.