खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी, १९२६ – १४ ऑगस्ट, १९८४) हे मराठी मल्ल होते. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे नावाजलेले मल्ल होते. पाच भावांत सर्वांत धाकट्या खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे घरीच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले.

कुस्तीची शैली

पाहणाऱ्याचे लक्ष मल्लाच्या दंडांकडे व छातीकडे जाते. ढाकेचे बळ मात्र खालून येते. या डावात प्रतिस्पर्ध्याची मान व हात आवळून मल्ल झटकन त्याच्याकडे पाठ वळवतो आणि गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कमरेखाली नेतो. मग वाकलेले खुबे एका हिसक्यात सरळ होतात, धड वळते आणि प्रतिस्पर्धी कमरेवरून पालथा होऊन पाठीवर पडतो. खुबे सरळ करण्याचे काम मुख्यतः नितंबांचे मोठे स्नायू करतात. तालमीत बैठकांना जोरांइतकेच महत्त्व का, याचे उत्तर इथे मिळते. ठेंगण्या मल्लाला तर ढाक विशेष सोयीची, कारण त्याची कंबर आधीच खाली असते. गोल्फमधील लांब फटकाही याच स्नायूंवर आणि खुब्यांच्या वळणावर उभा असतो. फरक एवढाच, की चेंडू प्रतिकार करीत नाही.

ऑलिंपिक

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनला गेले. लाल मातीत वाढलेल्या खाशाबांना मॅटची सवय नव्हती. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळवले.

हेलसिंकीच्या वेळी प्रश्न पैशांचा होता. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. उरलेली रक्कम लोकवर्गणीतून जमली. स्पर्धेत त्यांनी कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. जपानचे शोहाची इशी यांच्याशी झालेली दीर्घ लढत मात्र त्यांनी गमावली. तिच्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्याशी लढावे लागले. नियमाप्रमाणे विश्रांतीचा आग्रह धरणारा भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. पाय व कंबर थकल्यावर ढाक लागत नाही. ही लढतही ते हरले. इशी यांना सुवर्ण, मामेदबेयोव्ह यांना रौप्य, तर खाशाबांना कांस्यपदक मिळाले. यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत थांबावे लागले.

उत्तरायुष्य

मायदेशी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. त्यांनी कुस्त्यांतून पैसे जमवून खर्डेकरांचे कर्ज फेडले. १९५५ मध्ये ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक झाले व साहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.